पहिला चेंडू कोण टाकतं?

टेनिस प्रशिक्षणातल्या स्त्रियांविषयी : स्मृतिव्याख्यानाची संहिता



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, सहकार, दुष्काळ अशा विषयांवर बोललं गेलंय. टेनिसवर बोलायचं आमंत्रण आलं तेव्हा मी संयोजकांना विचारलं, ऐकायला कोण येणार? ते म्हणाले, ‘‘तुम्ही बोला, लोक येतील. नाहीच आले तर आमचे आजीव सभासद आहेत.’’ तेव्हा आधी आजीव सभासदांचे आभार.

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा, की टेनिसमध्ये महिला प्रशिक्षकांची संख्या कशी वाढवता येईल. आकडे बोलके आहेत. जगभर टेनिस खेळणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या मुली आणि बायका आहेत. शिकवणाऱ्यांत त्यांचं प्रमाण ढोबळमानाने पाचात एक. टोकियो ऑलिम्पिकला सगळ्या खेळांचे मिळून जे प्रशिक्षक गेले, त्यांत महिला होत्या शंभरात तेरा. यावरून लोक म्हणतात, बायका या कामात येतच नाहीत. मला ते मान्य नाही. मी स्वतः बरीच वर्षं मुलांना टेनिस शिकवलंय आणि शिकवणाऱ्या बायका पहिल्यापासून बघत आलेय. त्या एका ठरावीक जागेपर्यंत असतात, तिथून पुढे नसतात. ती जागा कोणती आणि गाडी तिथेच का अडते, एवढंच मला आज बोलायचंय.

येलेना गेंचिच हे नाव इथे कुणी ऐकलंय का? दोन हात वर दिसतात. आणि नोवाक जोकोविच? झालं, सगळे हात वर.

१९९३ सालच्या उन्हाळ्यात सर्बियातल्या कोपाओनिक नावाच्या डोंगरी गावात गेंचिचबाई मुलांचं टेनिस शिबिर घेत होत्या. कोर्टांच्या समोरच जोकोविच कुटुंबाचं पिझ्झाचं हॉटेल होतं. त्यांचा सहा वर्षांचा थोरला मुलगा जाळीला चिकटून तासन्‌तास खेळ बघत उभा राही. बाईंनी त्याला आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी तो आला तो रॅकेट, टॉवेल, पाण्याची बाटली, सगळं बॅगेत नीट भरून. आईने भरून दिली का, असं विचारल्यावर स्वारीला राग आला. बॅग त्याने स्वतः भरली होती, टीव्हीवरच्या खेळाडूंचं बघून. बाईंनी फार वाट पाहिली नाही. काही दिवसांतच त्याच्या आईवडिलांना सांगून टाकलं, की तुमच्या घरात असामान्य पोर आहे.

या बाई स्वतः युगोस्लाव्हियाकडून हँडबॉल खेळलेल्या. नोकरी बेलग्रेडच्या दूरचित्रवाणीवर, दिग्दर्शकाची. त्यांच्या हाताखालून त्याआधी मोनिका सेलेस गेली होती, गोरान इव्हानिसेविच गेला होता. नोवाकला एका हाताचा बॅकहँड जड जातोय हे दिसल्यावर त्यांनी हट्ट धरला नाही, दोन हातांनी मारू दिला. तो बॅकहँड पुढे कुठवर गेला ते तुम्ही बघितलंय. सरावानंतर त्या मुलाला अभिजात संगीत ऐकवत, पुश्किनच्या कविता वाचून दाखवत. देशाची शकलं होत होती, निर्बंधांमुळे साध्या वस्तूंची टंचाई होती, आणि हा शिकवणीचा वर्ग चालू होता. पाच-सहा वर्षांनी बाईंनीच म्युनिकजवळ अकादमी चालवणाऱ्या निकी पिलिचला फोन करून याला घ्या म्हणून सांगितलं. बारा वर्षांचा नोवाक जर्मनीला गेला. त्यानंतरचे त्याचे प्रशिक्षक म्हणजे वायदा, बेकर, अगासी, पुढे तोच इव्हानिसेविच आणि मग अँडी मरे. २०१३ च्या जूनमध्ये, फ्रेंच ओपन चालू असताना, बाई गेल्या.

यात कुणावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. मुलाला मोठी जागा हवी होती आणि ती कुठे मिळेल हे बाईंना कळत होतं. पण बाराव्या वर्षी बाईंकडून निघून पुरुषाकडे जायचं, हा प्रवास टेनिसमध्ये इतक्यांदा घडलाय की तो निसर्गनियम वाटायला लागावा.

तो नियम नाही, हे मॉस्कोत दिसतं.

मॉस्कोच्या सोकोल्निकी भागात स्पार्ताक हा जुना क्लब आहे. थंडीत खेळायला जागा अपुरी, इमारत जुनाट. तिथे लारिसा प्रेओब्राझेन्स्काया नावाच्या बाई लहान मुलांना शिकवत. आन्ना कुर्निकोवा अगदी लहान असताना त्यांच्याकडे आली. मुलांनी आधी चेंडूशिवाय रॅकेट फिरवायचं, अगदी सावकाश, आणि बाई रांगेतून हिंडत कुणाचं कोपर, कुणाचा खांदा हाताने सरळ करत जाणार. पहिली काही वर्षं स्पर्धेचं नाव काढायचं नाही. आपल्याकडच्या पालकांना हे सांगून बघा. तिसऱ्या महिन्यात विचारतात, मॅडम, टूर्नामेंट कधी?

त्याच क्लबात राउझा इस्लानोवा शिकवत. त्यांचा मुलगा मरात साफिन आणि मुलगी दिनारा साफिना दोघंही पुढे जगात अव्वल क्रमांकावर गेले. भाऊ आणि बहीण दोघांनीही एकेरीत तो क्रमांक मिळवल्याचं दुसरं उदाहरण नाही. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. २००४ च्या फ्रेंच ओपनची महिला अंतिम लढत अनास्तासिया मिस्किना आणि येलेना देमेंतिएवा यांच्यात झाली. दोघीही लहानपणी इस्लानोवाबाईंच्या एकाच गटातल्या. एका क्लबातली, एका बाईंच्या हाताखालची दोन पोरं पॅरिसला समोरासमोर उभी राहिली, आणि त्या वर्षी रशियन मुलींनी चारपैकी तीन ग्रँड स्लॅम नेली.

हे तिथे का झालं? माझं उत्तर असं, की तिथे प्रशिक्षण ही पगारी नोकरी होती. खेळणं संपलं की शाळेत शिक्षिका लागावी तशी बाई क्लबात लागे. महिन्याला पगार, ठरलेले तास, निवृत्तिवेतन. सोव्हिएत व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत, त्या व्यवस्थेने खेळाडूंचं काय काय केलं ते जगजाहीर आहे. पण शिकवणारी बाई तिथे उपकारावर जगत नव्हती. चेकोस्लोव्हाकियातही तेच दिसतं. १९६२ ची विंबल्डन उपविजेती वेरा सुकोवा राष्ट्रीय प्रशिक्षक झाली, आणि तिच्या कारकिर्दीत, १९७५ साली, त्या देशाने पहिल्यांदा फेडरेशन कप जिंकला.

आता तुम्ही म्हणाल, मग पगार द्या, प्रश्न मिटला. थांबा. अमेरिकेत नेमकं उलटं झालं.

१९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुला-मुलींत भेद करता येणार नाही, असा. मुलींच्या खेळाला पैसा मिळाला, मैदानं मिळाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या. आपल्या ऋतुजा भोसलेसारख्या मुली टेक्सासात जाऊन शिकू-खेळू शकल्या त्यामागे हाच कायदा आहे. कायदा येण्याआधी कॉलेजातल्या मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांत शंभरात नव्वदहून जास्त बायका होत्या. आज ते प्रमाण चाळिशीच्या आसपास आहे. मुलींचं खेळणं कैक पटींनी वाढलं आणि त्यांना शिकवणाऱ्या बायकांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

कारण समजायला अवघड नाही. आधी ते काम बिनपैशाचं किंवा किरकोळ मानधनाचं होतं, शारीरिक शिक्षणाच्या बाईंनी शाळा सुटल्यावर करायचं. मुलींच्या खेळाचा विभाग वेगळा आणि त्याची प्रमुखही बाईच. कायद्यानंतर मुला-मुलींचे विभाग एक झाले, प्रमुखाच्या खुर्चीत पुरुष आला, नोकरीला घसघशीत पगार आला आणि अर्ज करणाऱ्यांची रांग बदलली. निवड करणाऱ्याने आपल्या ओळखीतला माणूस घेतला. त्यात दुष्टावा असतोच असं नाही. माणूस ओळखीतलाच घेतो. मुलांच्या संघावर मात्र बाई नेमल्याचं आजही क्वचितच दिसतं. म्हणजे ये-जा एकाच बाजूने सुरू झाली.

म्हणून पगाराइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. हे काम माणसाला मिळतं कसं? त्याची पहिली पायरी कोणती?

आता आपल्याकडे येते. आपल्या जुन्या जिमखान्यांत आणि क्लबांत प्रशिक्षक कसे तयार झाले? बॉलबॉय म्हणून दहा-बारा वर्षांचा पोरगा यायचा. चेंडू वेचायचा, कोर्टाला पाणी मारायचा, रोलर ओढायचा. दुपारी सभासद नसताना कुणाची तरी जुनी रॅकेट घेऊन भिंतीवर मारायचा. हात बसला की ‘मार्कर’ व्हायचा, म्हणजे सभासदांशी खेळायला क्लबाने ठेवलेला माणूस. साहेबांशी तासभर रॅली करायची, साहेबांना जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे अशा बेताने. मार्करचा पुढे कोच झाला. आपल्याकडचे कितीतरी उत्तम प्रशिक्षक या वाटेने वर आलेत, आणि फार मोठी सामाजिक अंतरं ओलांडून आलेत. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण या वाटेवर मुलगी कुठे दिसते? बॉलबॉय म्हणून बारा वर्षांची पोरगी संध्याकाळी आठपर्यंत क्लबात कोण ठेवणार? त्यामुळे ती मार्करही झाली नाही आणि कोचही झाली नाही. कुणी तिला नाही म्हटलं नाही, कारण विचारायची वेळच आली नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. महिलांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये हीच शिडी अधिक महागड्या कपड्यांत उभी आहे. तिला ‘हिटिंग पार्टनर’ म्हणतात. आघाडीच्या खेळाडू सरावाला पुरुष ठेवतात, कारण त्याचा चेंडू जड येतो. साशा बाइन आठ वर्षं सेरेना विल्यम्सचा हिटिंग पार्टनर होता. मग नाओमी ओसाकाचा प्रशिक्षक झाला, तिने २०१८ ची यूएस ओपन आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, आणि महिलांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना असलेल्या डब्ल्यूटीएने वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला त्यालाच मिळाला. माणूस गुणी आहे, यात वाद नाही. पण खेळाडूच्या शेजारी बसून तिचं मन, तिची झोप, तिची भीती ओळखायची संधी त्याला चेंडू मारता मारता मिळाली. ज्या बाईला ते काम मिळालंच नाही, तिला ही विद्या कुठे मिळणार?

जड चेंडूचा मुद्दा खोटा नाही, पण तो फार ताणला जातो. दहा वर्षांच्या मुलाला शिकवताना चेंडू बास्केटमधून हाताने टाकायचा असतो. चौदा वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाशी वा मुलीशी राज्य पातळीवर खेळलेली बाई आरामात रॅली करते. आणि त्यापुढे? कोंचिता मार्टिनेझ १९९४ ची विंबल्डन विजेती. २०१७ साली गार्बिन्या मुगुरुझा विंबल्डन जिंकली तेव्हा त्या पंधरवड्यात तिच्या बाजूला कोंचिता होती. पुढे ती मिरा आंद्रेएवाची प्रशिक्षक झाली. सतरा वर्षांच्या त्या मुलीने २०२५ मध्ये दुबई आणि इंडियन वेल्स या मोठ्या स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. पन्नाशी ओलांडलेल्या कोंचिताने मिराला चेंडूच्या वेगाने हरवलं पाहिजे अशी अट कुणी घालत नाही. हिटिंगला दुसरा माणूस मिळतो. बेकर तरी जोकोविचला कुठे हरवत होता?

आता जिथे बाई त्या ठरावीक जागेच्या पुढे गेली तिथे काय झालं ते सांगते. जून २०१४ मध्ये अँडी मरेने अमेली मोरेस्मोला प्रशिक्षक म्हणून घेतलं. मरे तेव्हा आदल्या वर्षीचा विंबल्डन विजेता. पाठीची शस्त्रक्रिया होऊन गेलेली, आधीचा प्रशिक्षक लेंडल सोडून गेलेला. मोरेस्मो स्वतः माजी अव्वल क्रमांक, दोन ग्रँड स्लॅम जिंकलेली. पात्रतेत काय कमी होतं? तरी जगभर चर्चा एकच, की बाई कशाला? वर्षाच्या अखेरीस लंडनला फेडररने मरेला ६-०, ६-१ असं धुतलं, तेव्हा तर विचारूच नका. मरेने पुढे एका फ्रेंच वृत्तपत्रात लेख लिहिला. आधीच्या प्रशिक्षकांच्या वेळी मी हरलो की लोक मला दोष देत, आता अमेलीला देतात, असं त्याचं म्हणणं होतं. मग २०१५ उजाडलं. मरे ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत गेला. क्ले कोर्टवर त्याला आयुष्यात कधी विजेतेपद मिळालं नव्हतं. त्या वसंतात म्युनिकला मिळालं आणि पाठोपाठ माद्रिदला, तेही अंतिम फेरीत नादालला हरवून.

या हकिकतीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तपशील बातम्यांत तळाशी असायचा. मोरेस्मो त्या काळात गरोदर होती. ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला. तेवढ्या काळापुरता योनास ब्योर्कमन मरेबरोबर राहिला. मग ती परत कामाला आली. दोघं वेगळे झाले ते २०१६ च्या मे महिन्यात, प्रवास आणि वेळ जमेना म्हणून. जगातल्या पहिल्या पाचातल्या पुरुष खेळाडूची प्रशिक्षक बाळंतपणाची रजा घेते, बदली माणूस येतो आणि काम चालू राहतं. आपल्याकडच्या किती अकादम्यांत हे होतं, ते मी शेवटी विचारणार आहे.

त्याच सुमारास स्पेनने गाला लेओन यांना डेव्हिस कप संघाच्या कर्णधारपदी नेमलं. नादालचे काका टोनी यांनी उघड नाराजी दाखवली. त्यांचा एक आक्षेप होता, की पुरुषांच्या टेनिसशी संबंध असलेलं कुणी हवं. दुसरा कपडे बदलायच्या खोलीचा. बाई तिथे कशी येणार? महिला खेळाडूंच्या पुरुष प्रशिक्षकांना हा प्रश्न पन्नास वर्षांत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. लेओनबाईंना एकही लढत न खेळवता पदावरून काढलं गेलं. त्यांच्या जागी आली कोंचिता मार्टिनेझ, म्हणजे पुन्हा बाईच, आणि कपडे बदलायची खोली होती तिथेच राहिली.

मरेला असं धाडस कसं सुचलं, याचं उत्तर त्याच्या घरात आहे. त्याला आणि त्याच्या भावाला, जेमीला, पहिल्यांदा रॅकेट धरायला शिकवलं ते आईने. ज्युडी मरे स्कॉटलंडमधल्या डन्ब्लेन या छोट्या गावात क्लबात विनामोबदला शिकवायला लागली, मग परीक्षा दिल्या, १९९५ साली स्कॉटलंडची राष्ट्रीय प्रशिक्षक झाली. थोरला दुहेरीत आणि धाकटा एकेरीत, दोन्ही मुलगे अव्वल क्रमांकावर गेले. पण ज्युडीबाईंचं खरं काम मला वेगळंच वाटतं. त्यांनी ब्रिटिश टेनिस संघटनेबरोबर २०१७ मध्ये ‘शी रॅलीज’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात मोठ्या खेळाडूंना न शोधता गावोगावच्या बायकांना शोधलं. शिक्षिका, आया, कॉलेजातल्या मुली. त्यांना एकेकटं कोर्सला न पाठवता गटाने शिकवलं, आणि त्यांनी पुढे आपल्या गावातल्या बायकांना शिकवायचं असं ठरलं. वीस पुरुषांच्या कोर्सात एकटी बाई काय करते हे मी अनुभवलंय. ती मागे उभी राहते. प्रात्यक्षिकाची वेळ आली की तिला सांगतात, ‘‘मॅडम, तुम्ही छोट्यांचं दाखवा.’’ दोघी असल्या की त्या एकमेकींकडे बघून हसतात आणि एक जण म्हणते, मोठ्यांचंही दाखवते. हा फरक आहे.

आपल्या मातीत या गोष्टीची सुरुवात मात्र दणदणीत झाली होती. पंडिता क्षमा राव यांना आपण संस्कृत कवयित्री म्हणून ओळखतो. सत्याग्रहगीता लिहिणाऱ्या, तुकाराम आणि रामदासांची चरित्रं संस्कृतात रचणाऱ्या, पुण्यात जन्मलेल्या, शंकर पांडुरंग पंडितांच्या कन्या. या बाई १९२० च्या दशकात मुंबईत टेनिसच्या स्पर्धा जिंकत होत्या, हे मात्र संस्कृतवाले सांगत नाहीत आणि टेनिसवाल्यांना माहीत नसतं. त्यांची मुलगी लीला रो हिने १९३४ साली विंबल्डनला महिला एकेरीचा सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. घरातली आई खेळणारी असली म्हणजे काय होतं ते बघा. पुढे निरुपमा मांकड १९७१ ला विंबल्डनच्या मिश्र दुहेरीत आनंद अमृतराजबरोबर खेळल्या, आणि त्यांचा मुलगा हर्ष भारतासाठी डेव्हिस कप खेळला. निरुपमा वैद्यनाथन १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत सामना जिंकली, ती पुढे कॅलिफोर्नियात मुलांना टेनिस शिकवू लागली. बिली जीन किंग कपला अलीकडे आपल्या संघाच्या कर्णधार म्हणून शालिनी ठाकूर चावला आणि प्रशिक्षक म्हणून पुण्याच्या राधिका तुळपुळे-कानिटकर गेल्या. म्हणजे वर दोन-चार खुर्च्यांवर बाया दिसायला लागल्यात. तळाशीही त्या आहेतच. मधला मजला रिकामा आहे.

मधला मजला म्हणजे अकादमीची ‘अॅडव्हान्स बॅच’. बारा ते अठरा वर्षांची, स्पर्धा खेळणारी मुलं. फी तिथे जास्त, नाव तिथे होतं, पेपरात फोटो तिथल्या मुलांचे येतात. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्याला राहायला आली ती हेमंत बेंद्रे यांच्याकडे याच वयात शिकायला, आणि त्यांनी तिला घडवलं. अशा सरांची संख्या कमी व्हावी असं मी म्हणत नाही. पण त्या वयाच्या मुलीला बाईकडे जायचं असेल तर पुण्यासारख्या शहरातही पर्याय किती, हे मोजायला दोन हातांची बोटं लागणार नाहीत. संध्याकाळी चारला छोट्यांची बॅच बाई घेतात. पाच वाजता सर येतात, बाई बास्केट उचलून बाजूला होतात. पालक गेटवर मलाच विचारत, ‘‘सर नाहीत का आज?’’

या कामाचं वेळापत्रकच बघा. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी चार ते आठ. घरात डबे भरायची वेळ आणि घरात स्वयंपाकाची वेळ. शनिवार-रविवार स्पर्धा. मे महिन्याच्या सुट्टीत, घरची मुलं मोकळी असतात तेव्हाच, उन्हाळी शिबिरं. बरं, नोकरी म्हणावी तर ती नोकरी नसते. कोर्ट क्लबाचं किंवा पालिकेचं, अकादमी भाड्याने घेतलेली, मुख्य प्रशिक्षकाचा फीमध्ये वाटा आणि सहायकाला तासावर पैसे. पाऊस पडला, तास बुडाला, पैसे बुडाले. प्रसूतीच्या सव्वीस आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा आहे, पण तो दहा किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेतल्या नोकरदार बाईला. तासावर शिकवणारी बाई त्यात बसवायला कोण जातं? डब्ल्यूटीएने २०२५ मध्ये खेळाडूंसाठी बारा महिन्यांपर्यंतच्या पगारी प्रसूती रजेची योजना आणली. स्वागतच आहे. त्यांना शिकवणाऱ्या बाया त्या यादीत नाहीत.

त्यामुळे अठरा-वीस वर्षांची, राज्य पातळीवर खेळलेली मुलगी काय करते? शिष्यवृत्ती मिळाली तर अमेरिकेतल्या कॉलेजात जाते. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत, आयकर खात्यात, बँकेत लागते. तिचे आईवडील चूक करतात असं कुणी म्हणू नये. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार बघितला की मीही तेच सांगितलं असतं. राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, प्रशिक्षणाचा डिप्लोमा करून कोर्टवर ये, असं तिला सांगायला आपल्याकडे काही नाही.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे. १९९० साली पंचकुलात टेनिस खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा विनयभंग झाला. करणारा बडा पोलीस अधिकारी आणि राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष. तक्रार केल्यावर त्या कुटुंबाचा इतका छळ झाला की तीन वर्षांनी मुलीने जीव दिला. आरोपीला दोषी ठरवायला २००९ उजाडलं. तेव्हापासून मुलींच्या आया विचारतात, सोबत बाई कोण आहे? प्रश्न रास्त आहे. पण त्यावर संघटनांनी काढलेला तोडगा मला मुळीच पटत नाही. मुलींच्या संघाबरोबर सर जातात कोच म्हणून, आणि एक बाई जाते ‘लेडी मॅनेजर’ म्हणून. पासपोर्ट, औषधांची पेटी, खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे. कोर्टवर खुर्चीत बसायचे सर. मुलगी ब्रेकपॉइंट वाचवते तेव्हा ती बाई प्रेक्षकांत असते. कित्येकदा ही बाई स्वतः राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली असते! सुरक्षिततेसाठी बाई हवी असेल तर तिला खुर्चीवर बसवा. मुलगी मनातलं बोलते ती खेळाबद्दल बोलता बोलता, किल्ली देणाऱ्या बाईशी नाही.

आणि कमावणाऱ्या बाईकडे कसं बघितलं जातं तेही पाहा. जुलै २०२५ मध्ये गुरुग्रामला पंचवीस वर्षांच्या एका माजी खेळाडूला घरातच गोळ्या घालून मारलं. ती मुलांना टेनिस शिकवून कमावत होती. अटक झाली ती वडिलांना. मुलीच्या कमाईवर जगतो असे टोमणे लोक मारत म्हणून हे केलं, असं पोलिसांनी सांगितलं. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. पण ते टोमणे कुठल्या परग्रहावरून आले नव्हते.

करायचं काय? माझ्याकडे मोठी योजना नाही, पायऱ्या आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना धाकट्या बॅचशी हिटिंग करायचे पैसे द्या, मुलग्यांना देता तेवढेच. मार्करची वाट मुलींसाठी आजवर नव्हती, ती अशी उघडते. प्रशिक्षणाच्या कोर्सला बायकांना जोडीने पाठवा आणि फी क्लबाने भरा. बाईला अॅडव्हान्स बॅच द्या, आणि मुलग्यांची द्या. हे मी मुद्दाम सांगते. मुलींना बाई आणि मुलांना सर अशी वाटणी केली, तर अमेरिकेतल्यासारखं मुलींच्या संघावरही पुढे सरच येतात आणि बाईला जायला जागा उरत नाही. शिवाय बाराव्या वर्षी ज्या मुलाने बाईकडून सर्व्हिस शिकली, तो चाळिसाव्या वर्षी क्लबाच्या समितीवर बसून माणसं नेमणार आहे. अँडी मरेचं तेच झालं. सहायक प्रशिक्षिकेला तासाऐवजी महिन्यावर घ्या. एखादी मूल होऊन परत येणार असेल तर तिची बॅच सहा महिने दुसऱ्याकडे सोपवा आणि आल्यावर तिची तिला परत द्या. बॅच परत देणं हे सगळ्यात अवघड आहे, कारण सहा महिन्यांत पालक त्या दुसऱ्या सरांना सरावलेले असतात. तिथे क्लबाने शब्द पाळायचा असतो.

या हॉलमध्ये निदान दहा-बारा जण तरी कुठल्या ना कुठल्या जिमखान्याचे सभासद असतील. वार्षिक सभेत पार्किंगवर तासभर बोललं जातं, मी ऐकलंय. पुढच्या सभेत पाच मिनिटं काढून विचारा, की आपल्या कोर्टवर बाई कोणकोणत्या बॅच घेतात, त्यांना महिन्यावर पैसे मिळतात की तासावर, गेल्या वर्षी मुलींच्या संघाबरोबर कोण गेलं आणि कोर्टवरच्या खुर्चीत कोण बसलं. मोरेस्मोची रजा आपल्याकडे कुणाला मिळाली असती, तेही विचारा. चिटणीसांकडे उत्तरं तयार नसतील, कारण हे आजवर कुणी विचारलेलं नाही. ती लेखी मागा आणि इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

तुमचे प्रश्न असतील तर मी आता घेते.